रायझोबियमचं पाकीट आणि भातामागचा हरभरा

वस्तू : रायझोबियम जिवाणू खत, हरभरा गट, 250 ग्रॅम. हे जिवाणू कडधान्याच्या मुळावर गाठी धरतात आणि त्या गाठींतून हवेतलं नत्र पिकाला मिळतं. पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातून आणलेलं. दोन रब्बी वापरलं, त्याआधीची एक रब्बी चुकीचं पाकीट वापरून घालवली. पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे आमची दीड एकर खाचरं आहेत. विहीर नाही, बोअर नाही, सगळं पावसावर. इंद्रायणी भात लावतो, दिवाळीच्या आगेमागे कापतो आणि मग पुढच्या जूनपर्यंत जमीन तशीच पडून. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच बघत आले. सुगी झाली की गुरं मोकळी सुटायची, आणि संक्रांतीपर्यंत खाचराला अख्खा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडायच्या. सासूबाई सांगतात, त्यांच्या माहेरी भातामागे हरभरा असायचाच, वाल असायचे, मसूर असायची. थंडीच्या दिवसांत रात्री हरभऱ्यावर धुतलेलं धोतर पसरून ठेवायचे आणि पहाटे ते पिळून आंब, म्हणजे पानांवरचं आंबट पाणी, काढायचे, पोटदुखीवर औषध म्हणून वर्षभर बाटलीत ठेवायचे. पुढे घरटी एक-एक माणूस पिरंगुटच्या कंपन्यांत जायला लागला, राखणीला कोणी उरलं नाही आणि भातामागचं पीक बंद पडलं.

मी शनिवारी कोथरूडला आठवडे बाजारात आमचा तांदूळ विकते. तिथे ठरलेली गिऱ्हाइकं आहेत. 2022 मध्ये त्यातल्या एक काकू म्हणाल्या, "तांदूळ तुझा खाते, मग डाळ का दुसऱ्याची खाऊ?" ते डोक्यात बसलं आणि त्याच वर्षी वरच्या वीस गुंठ्यांत हरभरा टोकायचं ठरवलं.

ते वर्ष फसलं. त्या ऑक्टोबरात पुण्यात रस्त्यांच्या नद्या झाल्या होत्या, तो पाऊस आमच्याकडेही होता. भात कापलं तरी खाचरात चिखल. मला घाई, ओल उडून जाईल याची. वाफसा यायच्या, म्हणजे चिखल जाऊन पेरणीजोगी ओल राहायच्या आधीच टोकलं. बी उगवलं आणि वीस दिवसांत रोपं जागोजाग माना टाकायला लागली. उपटून पाहिलं तर जमिनीलगत खोड कुजलेलं, त्यावर पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे. याला मूळकुज नाही, मानकुज म्हणतात, हे नंतर कळलं. ओली जमीन आणि न कुजलेला भाताचा धसकट असला की ही येतेच.

जी रोपं वाचली तीही पिवळी, टाचकी राहिली. इथे पाकिटाची गोष्ट सुरू होते. बियाण्याला चोळायला म्हणून मी एका दुकानातून रायझोबियम घेतलं होतं. दुकानदाराने विचारलं नाही कुठल्या पिकाला, मीही वाचलं नाही. रायझोबियम म्हणजे रायझोबियम, एवढीच माझी समज. चाळीस दिवसांनी रोप उपटलं तर मुळं स्वच्छ, जणू धुऊन ठेवलेली. एकही गाठ नाही. रिकामं पाकीट मी चुलीजवळच्या फळीवर ठेवलं होतं. ते उलटं करून पाहिलं तर मागे बारीक अक्षरात लिहिलेलं : सोयाबीन.

ते पाकीट पिशवीत घालून मी पौडहून बसने पुण्यात गेले. कृषी महाविद्यालय ठाऊक होतं, एकदा प्रदर्शनाला आले होते. वनस्पती रोगशास्त्र विभागात जिवाणू खतं तयार होतात असं कोणीतरी सांगितलं होतं, विचारत विचारत पोचले. तिथल्या सरांचा पहिला प्रश्न, "पीक कुठलं?" मी पाकीट दाखवलं. त्यांनी मला बसवलं आणि नीट समजावलं. प्रत्येक कडधान्याचे जिवाणू वेगळे. हरभऱ्याला हरभऱ्याचेच लागतात, सोयाबीनचे त्याच्या मुळाला धरत नाहीत. वाटाणा, मसूर, लाखेची डाळ यांचा गट एक. तूर, मूग, उडीद, चवळी यांचा दुसरा. त्यात आमची जमीन चार महिने पाण्याखाली असते. अशा जमिनीत हरभऱ्याचे जिवाणू मुळातच कमी राहतात, आणि जिथे वीस-तीस वर्षं हरभरा घेतलेलाच नाही तिथे बाहेरून द्यावेच लागतात. काळ्या रानात दरवर्षी हरभरा करणाऱ्याला या पाकिटाचा फरक कदाचित दिसणारही नाही. आमच्यासारख्या खाचरवाल्याला दिसतो.

पुढच्या वर्षी, 2023 ला, ऑक्टोबरातच जाऊन पाकिटं आणली. हरभरा गटाची दोन आणि स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणाऱ्या जिवाणूंची, म्हणजे पीएसबीची, दोन. भाताची जमीन पाणी आटून वाळायला लागली की तिच्यातलं स्फुरद पुन्हा बांधलं जातं, म्हणून ते दुसरं पाकीट. एका पाकिटाला बियाण्याच्या एका किलोपेक्षाही कमी पैसे पडले. बियाणं 'विजय' घेतलं, महाबीजचं, निळ्या टॅगचं, म्हणजे प्रमाणित. विजय निवडला कारण जिरायतीत तो पंच्याऐंशी ते नव्वद दिवसांत हाताशी येतो, मर रोगाला दाद देत नाही आणि पाण्याचा ताण सोसतो. आमच्या खाचरातली ओल जानेवारीच्या शेवटापर्यंत जेमतेम पुरते. लांबणारा वाण इथे घाट्यात, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगेत, दाणा भरायच्या वेळी उपाशी राहतो.

बीजप्रक्रिया कशी केली ते सविस्तर सांगते, कारण पाकीट वाया जातं ते इथेच. आदल्या रात्री गूळ पाण्यात उकळून पूर्ण थंड करून ठेवला. गरम पाण्यात जिवाणू मरतात, त्यामुळे बोट घालून बघितलं, गार लागलं तेव्हाच पुढचं. सकाळी पडवीत गोणपाट अंथरून त्यावर बी पसरलं. आधी ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, चोळला, किलोला पाच ग्रॅम, मानकुजीची धास्ती बसली होती म्हणून. मग गुळाचं पाणी शिंपडत, दोन्ही तळव्यांनी हलक्या हाताने रायझोबियम आणि पीएसबी लावलं. दहा किलो बियाण्याला एक पाकीट. जोर लावून चोळलं की हरभऱ्याची साल सुटते आणि बी उगवत नाही, म्हणून कणीक मळल्यासारखं करायचं नाही, लाडवाला खसखस लावावी तसं घोळवायचं. पाकिटातली पूड काळी असते, लिग्नाइटची, त्यामुळे बी काळंभोर दिसायला लागलं की समजायचं लागलं. सावलीत तासभर सुकवलं आणि त्याच दुपारी टोकलं. एक वाफा मुद्दाम कोरडा ठेवला, पाकीट न लावलेला. घरात कोणाचा विश्वास नव्हता. मलाही स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

वाफसा बघायची रीत सासूबाईंची. खाचरातली माती मुठीत दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. चपटा झाला तर ओल जास्त, थांबायचं. फुटून विखुरला तर टोकायला लागायचं. अजिबात गोळाच झाला नाही तर संपलं, यंदाचा हरभरा विसरा. आमच्याकडे या दोन टोकांमध्ये आठ-दहा दिवस मिळतात, जास्त नाही. म्हणून नांगरायचं नाही. नांगरलं की ओल उडते आणि चिखलणीने घट्ट झालेल्या जमिनीची ढेकळं निघतात ती वेगळीच. भाताच्या दोन चुडांच्या, म्हणजे कापलेल्या बुंध्यांच्या, मधे टोकदार काठीने भोक, दोन दाणे, पायाने माती. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी बिननांगरणीची, गादीवाफ्यावरची भातशेती बसवली, तीत हीच गोष्ट आहे : भात कापायचं, मुळं जमिनीतच ठेवायची, त्यातच पुढचं पीक टोकायचं. आमच्याकडे गादीवाफे नाहीत, पण मुळं न हलवण्याचं मी तिथूनच घेतलं.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीला अवकाळी आला. वरच्या खाचरात आधीच एक चर काढून ठेवला होता म्हणून पाणी साचलं नाही. उलट ती ओल पुढे कामाला आली.

चाळिसाव्या दिवशी मी दोन रोपं काढली. कुदळीने वीतभर बाजूने माती मोकळी करून, ओढून नाही, नाहीतर गाठी जमिनीतच तुटून राहतात. बादलीत पाणी घेऊन मुळं बुडवून बुडवून धुतली. पाकीट न लावलेल्या वाफ्यातल्या मुळाला चार गाठी, पांढुरक्या, ज्वारीच्या दाण्याहून लहान. पाकीट लावलेल्याला पंचवीसपर्यंत मोजल्या, त्यातल्या बऱ्याच मुख्य मुळालाच वरच्या बाजूला चिकटलेल्या. हरभऱ्याची गाठ सोयाबीनसारखी गोल नसते. आल्याच्या कुडीला फाटे फुटावेत तशी असते. एक नखाने चिरली. आतून डाळिंबाच्या दाण्यासारखी गुलाबी, बोटाला ओला लाल डाग. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातकुळीतला, आणि तो असला म्हणजे गाठ हवेतलं नत्र बांधतेय. पांढरी किंवा हिरवट गाठ कामाची नाही. धाकट्या दिराला बोलावून दाखवलं. तो कंपनीत आहे, शेतीचं नाव काढत नाही, पण ती गाठ हातात घेऊन बराच वेळ बघत बसला.

पैशाचं बोलायचं तर हरभऱ्यात तीन वेळा हात ओला होतो, आणि पुण्याचा बाजार जवळ असेल तर पहिल्या दोन वेळांतच खर्च निघतो. महिना-सव्वा महिन्याने शेंडे खुडले की भाजी. कोथरूडला हरभऱ्याच्या कोवळ्या भाजीची जुडी अर्ध्या तासात संपते. जिरायतीत एकदाच खुडावं, दुसऱ्यांदा मोह आवरावा. ओल कमी असते, झाड पुन्हा फुटायला दमतं. मग जानेवारीत हिरव्या घाट्यांच्या जुड्या, आणि फेब्रुवारीत उरलेला वाळका. 2024 च्या रब्बीत वीस गुंठ्यांत भाजीचे 2,300, हिरव्या जुड्यांचे 6,000 आले आणि 95 किलो वाळका हरभरा घरात आला. क्विंटलला 5,650 रुपये हमीभाव होता, त्या भावाने 95 किलोचे साडेपाच हजारही होत नाहीत. डाळ करून आणली, सत्तर किलोच्या आसपास निघाली आणि 130 ने बाजारात गेली. बियाणं, पाकिटं, निंबोळी अर्क, डाळ भरडायचे पैसे मिळून तीन हजारांच्या आत. मजुरी घरची, तिचा हिशोब मी धरलेला नाही, तो ज्याचा त्याने धरावा.

एक गोष्ट मला उशिरा कळली आणि ती कोणी सांगतही नाही. हिरव्या जुड्या आपण उपटून विकतो. मुळासकट. म्हणजे ज्या गाठींसाठी पाकीट आणलं, त्या मातीसकट कोथरूडला जातात आणि तिथल्या कचऱ्याच्या डब्यात पडतात. पहिल्या वर्षी मी हेच केलं. त्या भागातलं पुढचं भात आणि जिथे हरभरा वाळेपर्यंत ठेवून विळ्याने कापला तिथलं भात यांत पुनर्लावणीनंतर तीन आठवड्यांनी रंगाचा फरक होता, बांधावरून कळत होता. आता मी जुड्याही विळ्याने जमिनीलगत कापते. बुंध्याला ओलं गोणपाट गुंडाळलं की दिवसभर टवटवीत राहतात. एक-दोघांनी विचारलं, मुळं का नाहीत. कारण सांगितलं, पटलं. झडलेला पालाही खाचरातच राहू देते. भुसकट मात्र म्हशीला जातं, त्यावर माझा अधिकार चालत नाही.

गेल्या वर्षी पाकिटाचा दुसरा भाऊ, वाटाणा गटाचा, खालच्या पाच गुंठ्यांत वापरला. ते खाचर ओढ्याकडेला आहे, नोव्हेंबर संपेपर्यंत त्याला वाफसाच येत नाही. तिथे हरभरा म्हणजे मानकुजीला आमंत्रण. माझी धाकटी जाऊ भंडाऱ्याची. ती पहिल्यापासून म्हणत होती, "ताई, आमच्याकडे धान कापेपर्यंत थांबतच नाहीत. उभ्या धानातच लाखोरी शिंपतात, जवस शिंपतात." त्याला ते उतेरा म्हणतात. भात काढणीला आठ-दहा दिवस असताना, साचलेलं पाणी काढून टाकलेल्या पण पाऊल उमटेल एवढ्या ओल्या खाचरात बी फेकायचं. कापणी होते तोवर ते उगवून वर आलेलं असतं. एक दिवसही ओल वाया जात नाही.

आम्ही मसूर घेतली. बी रात्रभर भिजवलं, सकाळी निथळून, वरचं पाणी सुकवून पाकीट लावलं, आणि टोकणीपेक्षा सव्वापट बी धरलं, कारण फेकलेल्यातलं थोडं पाखरांच्या पोटी आणि थोडं चुडात अडकून जातं. जावेने भातातून उलटं चालत, मूठ कमरेजवळून फिरवत ते असं फेकलं की मला दोन वेळा प्रयत्न करूनही जमलं नाही.

चूक आमच्या मावळी सवयीने केली. आम्ही भात कापून दोन-तीन दिवस खाचरातच आडवं वाळत घालतो. त्या पेंढ्यांखाली मसुरीची रोपं पिवळी पडून आडवी झाली, पट्ट्यापट्ट्यांनी. उतेऱ्यात भात त्याच दिवशी बांधावर काढायला हवं आणि कापताना धसकट वीतभर उंच ठेवायला हवा, म्हणजे कोवळ्या रोपांना विळा लागत नाही. जावेकडे पेंढ्या लगेच उचलतात, ते तिला इतकं साहजिक होतं की तिने सांगितलंच नाही. तरी अकरा किलो मसूर निघाली. मुळं पाहिली, गाठी गुलाबी होत्या.

भातावर काय परिणाम, हे सगळे विचारतात. आम्ही युरिया-डीएपीच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या खताच्या गोळ्या, खोचतो, चार चुडांच्या मधे एक. हरभऱ्याच्या खाचरात 2024 च्या पावसाळ्यात त्यातल्या चौथा भाग कमी वापरल्या. भात कमी आलं नाही. नांगराला जमीन हलकी लागते असं ट्रॅक्टरवाला स्वतःहून म्हणाला. हरभऱ्याचं सोटमूळ चिखलणीने बसलेला थर भेदून खाली जातं, त्याचा तो गुण. दोन वर्षांत याहून मोठं काही मी सांगणार नाही.

पाकिटाने होत नाही तेही ऐका. घाटेअळी येते ती येतेच. पक्षी बसायला दर पाच-सहा पावलांवर काठ्या रोवल्या, पाच टक्के निंबोळी अर्क दोनदा मारला, बगळे आणि कोतवाल पक्ष्यांनी बरंच काम केलं. पाकीट लावलं म्हणून युरियाची मूठ फेकायचा मोह करू नका, आयतं नत्र मिळालं की झाड गाठी कमी धरतं. फुलोऱ्यात दहा लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम युरिया अशी फवारणी मात्र जिरायतीत उपयोगाची, तेव्हा मूळ ओल शोधून दमलेलं असतं. आणि सगळ्यात मोठी अडचण गुरांची, रानडुकरांची. एकट्याने भातामागे पीक करता येत नाही. आम्ही शेजारच्या चार घरांशी बोललो, पाच जणांनी सलग खाचरांत पेरलं, भोवती जुन्या साड्यांचं कुंपण केलं, राखणीच्या रात्री वाटून घेतल्या. तेव्हा कुठे गुराख्यांनी वाट बदलली.

आता तो कापलेला अर्धा तारा. गावाकडे पिकानुसार पाकीट हातात मिळत नाही, त्यासाठी पुणे गाठावं लागतं. आत जिवंत जिवाणू असल्याने पूड उन्हाला नाजूक, आयुष्य सहा महिन्यांचं. दुकानांत जे मिळतं त्यावर पिकाचं नाव समोर मोठं नसतं, आणि ते काउंटरमागच्या पत्र्याखाली किती दिवस तापलंय हे कळायला मार्ग नाही. घेताना पीक आणि तारीख दोन्ही वाचा, वाचता आलं नाही तर दुकानदाराकडून मोठ्याने वाचून घ्या.

बसमध्ये उन्हाच्या बाजूला बसू नका. मी पाकिटं ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवते आणि घरी आल्यावर माठाशेजारी, फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात नाही. यंदा सहा पाकिटं आणायची आहेत, शेजारच्या दोन घरांनी पैसे आधीच दिलेत.